आमेनप्रमुख नागोजी

मोठे निर्णय डोळे मिटूनच घ्यायचे असतात. घरं अशीच घेतली जातात, मुलं शाळेत अशीच घातली जातात आणि राज्यंही अशीच चालतात. फरक एवढाच, की बाकीचे लोक आपले डोळे उघडे होते असं नंतर सांगत बसतात. निपाणीच्या आशासदन मंडळीने असला खोटेपणा कधी केला नाही. ती दर रविवारी, सर्वांच्या देखत, ओळीने उभी राहून डोळे मिटते आणि कारभार उरकते.

ही मंडळी लहान आहे, म्हणजे साठेक माणसांची. चर्चची इमारत पूर्वी तंबाखूची वखार होती. तंबाखू जाऊन बरीच वर्षं झाली, पण जागेचा ताबा तिने पुरता सोडलेला नाही. नवा पाहुणा आत आला की आधी शिंकतो. एकदोन शिंका आल्या की लोक मागे वळून हसतात आणि बाकावर सरकून त्याला जागा देतात. (जास्त आल्या तर पुढच्या रविवारचा शास्त्रपाठ त्याच्याकडे देतात. एवढा आवाज असलेला माणूस वाया घालवायचा नसतो.)

पूर्वी इथली उपासना साधी होती. जुने पाळकसाहेब बोलत आणि मंडळी बसे. दोन्ही बाजूंना आपापलं काम माहीत होतं. मग ते निवृत्त झाले आणि बेळगावहून बसने येणारे तरुण पाळकसाहेब मिळाले. ते नुकतेच एका शिबिराला जाऊन आले होते. तिथे त्यांना असं कळलं होतं, की उपासना ही बघत बसायची गोष्ट नाही, सर्वांनी मिळून करायची गोष्ट आहे. हे अगदी खरं आहे. म्हणूनच ते अमलात आणू नये असं काही वयस्क सभासदांचं मत पडलं. पण त्यांनाही कामं दिल्यावर मत मांडायला ते मोकळे राहिले नाहीत.

कामांचं वाटप असं झालं. दारात सलाम करायला दोघं, एक वेळेवर येणाऱ्यांसाठी आणि एक उशिरा येणाऱ्यांसाठी (दुसऱ्याचा सलाम जरा कोरडा). शास्त्रपाठ वाचायला एक, त्याला पान काढून द्यायला एक. गीताचा नंबर सांगणारा एक, तोच नंबर मागच्या बाकांना पुन्हा सांगणारी एक. उंच माणूस बोलून गेला की माईक खाली करणारा, बुटका बोलून गेला की वर करणारा. अर्पणाची थैली फिरवणारे, आणि थैली फिरताना कुणाला अचानक तहान लागत नाही ना हे बघणारे. चपला सरळ लावायला म्हाताऱ्या राजाबाई. पंख्याच्या बटणाला भरमू. कीबोर्डवर चंद्राबाईंचा मुलगा मंथन. अखेरीस हजेरी साठ, सेवेत साठ आणि नुसतं ऐकणारं कुणी नाही अशी आकडेवारी निघाली. पाळकसाहेबांनी ती अभिमानाने वर कळवली.

या सगळ्याला नियम एकच होता: दुसऱ्याच्या सेवेत हात घालायचा नाही. मे महिन्यात भरमू मेव्हण्याकडे संकेश्वरला गेला तेव्हा नियमाची कसोटी लागली. पत्रे तापले होते, मंडळी निथळत होती, आणि पंख्याचं बटण तर कमिटीवरच्या परशराम पंचांच्या खांद्याला टेकत होतं. पंचांनी बटणाकडे पाहिलं, बोट वर केलं आणि त्याच बोटाने कपाळाचा घाम निपटला.

"भरमूची सेवा हाय ती," ते म्हणाले.

मंडळीला त्यांचं फार कौतुक वाटलं. दोघींना घेरी आली, पण घेरी आलेल्यांना सावरायची सेवा कुणाला दिलेलीच नव्हती, तेव्हा त्या आपल्या आपण सावरल्या.

या वाटपात नागोजी आप्पा शेवटपर्यंत उरले होते. निपाणी डेपोचे रिटायर कंडक्टर. त्यांना चष्मा लावूनही वाचायला जमेना, ते गायला लागले की मंथन कीबोर्ड बिघडला की काय ते बघायचा, आणि चपलांपर्यंत वाकायला कंबर राजी नव्हती.

"आप्पा, तुम्हाला काय येतं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"आमेन बरं म्हणतो मी," नागोजी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. जन्मभर भरल्या गाडीत मागच्या दारातून ड्रायव्हरला ऐकू जाईल असं 'रायट' म्हणून त्यांचा गळा तयार झाला होता. त्याआधी मंडळीत ज्याला जेव्हा सुचेल तेव्हा तो आमेन म्हणे. कुणी लवकर, कुणी उशिरा, राजाबाई तर मागच्या प्रार्थनेचं आमेन पुढच्या प्रार्थनेत म्हणत. आता शिस्त आली. आधी नागोजींचं आमेन, मागोमाग सगळ्यांचं. नागोजींचं आमेन पडत नाही तोवर प्रार्थना संपलेली नाही, डोळे उघडायचे नाहीत, खाली बसायचं नाही.

नागोजींना या कामाचा फार अभिमान होता. बायको गेली, मुलगी सुवर्णा नोकरीसाठी बेळगावला खोली घेऊन राहिली, तेव्हापासून त्यांना कुणी काही विचारत नसे. आता साठ माणसं त्यांच्या तोंडाकडे डोळे मिटून बघत होती. ते शनिवारी ताकाला शिवत नसत. रविवारी सकाळी मिठाच्या पाण्याने गुळण्या करत. चर्चमध्ये सगळं ध्यान एका जागी लावून उभे राहत: 'प्रभू येशूच्या नावाने मागतो' हे शब्द कधी येतात तिकडे. ते आले की आमेन सोडायचं. एवढ्या जोखमीच्या कामात मधली प्रार्थना ऐकायला सवड कुठली? निपाणी ते बेळगाव वाटेत काय काय दिसतं ते कंडक्टरला विचारा, तो फक्त स्टॉपची नावं सांगेल.

उपासनेचा कळस म्हणजे साखळी प्रार्थना. एकामागून एक, ज्याला जे वाटेल ते त्याने देवाजवळ मोठ्याने मागायचं. कुणी मराठीत मागतं, कुणी कानडीत. (देवाला दोन्ही भाषा येतात, याबाबत दोन्ही राज्यांत एकमत आहे.) सुरुवातीला लोक पाऊसपाणी, आजारीपाजारी आणि परीक्षेचा निकाल यांवर थांबत. पण एकदा नाताळच्या जेवणानंतर राजाबाईंचं पितळेचं पातेलं हरवलं आणि त्यांनी ते साखळी प्रार्थनेत घातलं.

"हे प्रभू, माझं पातेलं ज्यांच्या घरात गेलंय, त्यांच्यावर तू दया कर. त्यांचं घर तुला ठाऊकच हाय. दाराला निळा रंग. शेजारी झेरॉक्सचं दुकान."

पातेलं सोमवारी सकाळी घासूनपुसून परत आलं. आत रव्याचे लाडू होते.

या प्रसंगातून मंडळीला एक मोठा शोध लागला. प्रार्थना मध्येच तोडता येत नाही. बैठकीत माणूस बोलला की दुसरा उलटून बोलतो. प्रार्थनेत मात्र दुसरा हात जोडून, मान खाली घालून उभा असतो, आणि त्याला काही म्हणायचं असेल तर आपल्या पाळीची वाट बघून, तेसुद्धा देवाशीच बोलावं लागतं. हा शोध लागल्यावर पंच कमिटीच्या बैठका बंद झाल्या. सगळा कारभार साखळीत आला. तक्रारीच्या प्रार्थना सुरू झाल्या, खुलाशाच्या झाल्या, आधीच्या प्रार्थनेत दुरुस्ती सुचवणाऱ्या झाल्या. एखाद्याचं नाव घ्यायचं तर आधी 'दया कर' म्हणायचं, एवढं पथ्य सांभाळलं की पुढे काहीही चाले. ("दया कर प्रभू परशराम पंचांवर, उपदेश चालू झाला की त्यांना घोरण्याचा आजार होतो.")

शिवाय प्रत्येक ठराव एकमताने होई, कारण शेवटी नागोजींचं आमेन आणि त्याच्यामागे सगळ्यांचं. एका रविवारी परशराम पंचांना एका प्रार्थनेने पदावरून दूर करण्यात आलं आणि पुढे दोनतीन प्रार्थना सोडून दुसरीने परत घेण्यात आलं. दोन्हींना नागोजींनी सारख्याच प्रेमाने आमेन म्हटलं. मधल्या काळात आपण पंच नव्हतो हे परशरामांनाही नंतर कळलं, कारण ते तेव्हा आजारी होते, म्हणजे घोरत होते.

अशा सुरळीत चाललेल्या कारभारात ईस्टरनंतरच्या रविवारी चंद्राबाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या.

चंद्राबाई महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांची पिठाची गिरणी आहे आणि नवरा गेल्यापासून ती त्याच चालवतात. गिरणीच्या वर आवाज चढवायची सवय असल्याने त्यांच्या प्रार्थनेला माईक लागत नाही.

"हे आमच्या स्वर्गीय पित्या," त्या म्हणाल्या, "तू आदामाला एकटं ठेवलं नाहीस. आमच्या मंथनलाही ठेवू नकोस. नागोजी आप्पांची सुवर्णा तुझ्या योजनेत आहे असं मला दिसतंय. त्या दोघांना तू याच वर्षी लग्नाच्या पवित्र बंधनात बांध. आप्पांच्या मनात होकार घाल. प्रभू येशूच्या नावाने मागते."

"आमेन!" नागोजी म्हणाले.

त्या दिवशी गळा विशेष लागला होता. पत्र्यावरून चिमण्या उडाल्या. मंडळीने मागोमाग आमेन म्हटलं आणि डोळे उघडले. एरवी लोक डोळे उघडून घड्याळाकडे बघतात. आज सगळे नागोजींकडे बघत होते. आमेन चांगलं झाल्याची ही पावती असावी असं समजून नागोजींनी नम्रपणे मान लववली. ती मानसुद्धा नंतर होकारात धरण्यात आली.

उपासना सुटल्यावर चंद्राबाई हात जोडून समोर आल्या. "सलाम, व्याही!"

"कुणाचं व्याही?" नागोजींनी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

तिकडे कीबोर्डशी लोक मंथनचाही हात हातात घेत होते. तो प्रार्थनेच्या वेळी पुढच्या गीताचा ताल शोधत होता, आणि त्यानेही सवयीने आमेन म्हटलं होतं. आपलं लग्न ठरलं हे त्याला भरमूने सांगितलं. त्याचं कोपर खालच्या पट्ट्यांवर टेकलं आणि त्याच्या वतीने कीबोर्डच मोठ्याने बोलला.

सुवर्णा त्या रविवारी आलेली नव्हती. तिला ड्यूटी होती. बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात ती तयार माल तपासते. नग मापात बसला तर पुढे, नाही तर बाजूला. तिला बातमी मोबाईलवर कळली. अभिनंदनाचे फोटो, केकची चित्रं, कबुतरं, आणि एका मावशीचा गुलाबांमध्ये लिहिलेला मजकूर: देवाने तुझी प्रार्थना ऐकली. कोणती ते तिला समजेना.

पुढच्या शनिवारी ती घरी आली आणि पिशवी न ठेवताच उभी राहिली.

"आप्पा, काय म्हणलासा तुम्ही?"

"आमेन."

"कशाला?"

"माझी सेवाच हाय ती गं."

"त्या काय मागालत्या ते ऐकलासा काय?"

नागोजींनी खरं ते सांगितलं. "न्हाय."

"मग आमेन तुम्ही म्हणलासा, तर लगीन पण तुम्हीच करा मंथनबरोबर."

नागोजींनी तांब्याभर पाणी पुढे केलं. सुवर्णाने ते घेतलं नाही, हे त्यांना फार लागलं. "मंथन पोरगा वाईट न्हाय," ते हळूच म्हणाले.

"वाईट न्हायच. पीस चांगला असला म्हणून तो आपल्याच मशीनला बसतोय असं असतंय व्हय? मला कोण इचारलं आप्पा? त्या मंथनला तरी कोण इचारलं?" तिने पिशवी खाली आदळली. "तुम्ही एकदा इचारला असता तर मी काय खाल्ली असती तुम्हाला?"

ती आत गेली आणि दार लोटलं. नागोजी तांब्या हातात घेऊन ओसरीवर बसून राहिले. आयुष्यात त्यांनी कुणालाही चुकीच्या स्टॉपवर उतरवलं नव्हतं, आणि आता पोटच्या पोरीला चालत्या गाडीत ढकलून दोन बेल मारून मोकळे झाले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

म्हटलेलं आमेन परत घेता येतं का, हे विचारायला त्यांनी पाळकसाहेबांना फोन लावला. पाळकसाहेबांनी वेळ मागून घेतला, कुणाकुणाला विचारलं आणि उलट फोन केला. "आप्पा, आमेन म्हणजे 'तसंच होवो'. 'तसंच न होवो' असा शब्द आपल्यात नाही. तुम्ही उद्या साखळीत स्वतःच प्रार्थना करा. चंद्राबाईंच्या आधी करा म्हणजे बरं, कारण त्या उद्या तारीख मागणार आहेत असं कानावर आलंय. हॉलवाल्याशी बोलल्यात म्हणे."

अडचण अशी होती, की नागोजींनी मोठ्याने प्रार्थना कधी केलीच नव्हती. ते परसात जाऊन पेरूच्या झाडासमोर सराव करू लागले. "हे प्रभू," म्हटलं की पुढे गाडीतलंच येई. हे प्रभू, जरा आत सरका. हे प्रभू, दारात उभं राहू नका. शेवटी पेरूच्या झाडासमोरच ओशाळल्यासारखं होऊन ते आत आले.

रविवारी साखळी सुरू झाली. बायकांच्या बाजूला सुवर्णा उभी होती. नागोजींची पाळी आली. सगळी वखार कानात प्राण आणून उभी राहिली, कारण आमेनप्रमुख स्वतः बोलणार हे मंडळीत प्रथमच घडत होतं.

"हे प्रभू," नागोजी म्हणाले.

पुढे काही येईना. अशा वेळी माणसाच्या तोंडून जे पाठ असतं तेच निघतं.

"आमेन!"

मंडळीनेही आमेन म्हटलं. इतकी आटोपशीर प्रार्थना आजवर कुणी केली नव्हती, असे परशराम पंचांनी नंतर काढलेले उद्गार आहेत. नागोजींना तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सुवर्णाकडे बघायची हिंमत झाली नाही.

लगेच चंद्राबाई उभ्या राहिल्या. "हे पित्या, तू गेल्या रविवारी जो धागा जोडलास त्याबद्दल आभार. आता मे महिन्यातला शेवटचा शुक्रवार तूच नेमून दे. हॉलला तारीख मोकळी आहे. प्रभू येशूच्या नावाने मागते."

ठरलेली जागा आली. साठ माणसांनी मागे म्हणायच्या आमेनसाठी श्वास भरून घेतला.

नागोजींनी या वेळी प्रत्येक शब्द ऐकला होता. हॉल ऐकला, शुक्रवार ऐकला. आणि त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला प्रार्थना येत नसली तरी आपल्याकडे एक वस्तू आहे, जी दुसऱ्या कुणाकडे नाही. त्यांनी दातांवर दात रोवले आणि तोंड मिटून घेतलं.

काहीच झालं नाही. पंखा फिरत राहिला. कुणीतरी खोकलं. नागोजी घसा साफ करत असतील असं समजून लोक थांबले. चंद्राबाईही थांबल्या. पण प्रार्थना अशी हवेत लटकती ठेवता येत नाही आणि आमेन नाही तर खाली बसता येत नाही, म्हणून त्यांनी ती पुढे चालवली.

"आणि हे प्रभू, शुक्रवार अडचणीचा असला तर शनिवार दे. प्रभू येशूच्या नावाने मागते."

गप्प.

"आणि सुवर्णाला नोकरी सोडायला लागू नये. ती मच्छेला जाऊ दे. प्रभू येशूच्या नावाने..."

गप्प.

"आणि मंथन भाकरी करायला शिकेल, प्रभू."

इथे कीबोर्डमधून पुन्हा एक आवाज आला.

अशा रीतीने मंडळीच्या इतिहासात प्रथमच एका बाजूने बोलून आणि दुसऱ्या बाजूने गप्प राहून वाटाघाटी झाल्या. चंद्राबाईंनी वेगळं बिऱ्हाड कबूल केलं. बेळगावात खोली कबूल केली. लग्नाचा बँड कमी केला, मग वाढवला, मग वऱ्हाडच निम्मं केलं. राजाबाई मुकाट्याने खाली बसल्या (त्या मागच्याच प्रार्थनेत होत्या, त्यामुळे नियमभंग धरण्यात आला नाही). शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या आणि प्रत्येकाला आपापल्या घरचं मटण आठवू लागलं. पाळकसाहेबांनी एका डोळ्याने घड्याळ पाहिलं. बेळगावची बस निघायची वेळ झाली होती. परशराम पंचांना राहवेना. त्यांच्या तोंडाचा आ झाला, आमेनमधला, अगदी ऐकू येईल इतका.

"पंच," भरमू पुटपुटला, "दुसऱ्याची सेवा हाय ती."

पंचांनी त्या आची जांभई केली.

चंद्राबाईंजवळचं सगळं संपत आलं होतं. त्यांनी आजाऱ्यांसाठी मागितलं, दोन्ही राज्यांच्या सरकारांसाठी मागितलं, तंबाखूच्या दरासाठी आणि गिरणीच्या पट्ट्यासाठी मागितलं. पुस्तकी मराठी केव्हाच संपली होती. मग त्यांचा आवाज एकाएकी खाली आला.

"प्रभू, लई उभी केलीस मला आज," त्या म्हणाल्या. "खरं सांगू काय? गिरणी बंद केली की घर लई गप होतंय. मंथन मोबाईल बघत जेवतोय. वाढलं तर खातोय, न्हाय वाढलं तर उठतोय. मला वाटलं, सुवर्णा बोलकी पोरगी हाय. घरात जरा आवाज हुईल."

ते गप घर नागोजींना माहीत होतं. शनिवार सोडला तर त्यांचंही तसंच होतं. या बाईला आता सोडावं, एक आमेन म्हणून टाकावं आणि तिला बसू द्यावं असं त्यांना मनापासून वाटलं. ओठ उघडलेसुद्धा. त्यांनी एक डोळा उघडला.

समोर सुवर्णा दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडेच बघत होती. ती रागावलेली नव्हती. घाबरलेली होती. नागोजींनी ओठ पुन्हा मिटून घेतले.

"असू दे प्रभू," चंद्राबाई शेवटी म्हणाल्या. "पोरीच्या मनात नसंल तर नको. तिचं तिला बघू दे. मंथनचं मंथनला बघू दे. माझं पाय दुखालेत. प्रभू येशूच्या नावाने मा..."

"आमेन!"

मागोमाग साठ आमेनं आली. ही मंडळी आमेन मनापासून म्हणते तेव्हा ते कसं ऐकू येतं हे पाळकसाहेबांना त्या दिवशी कळलं. सगळ्यांत मोठं मंथनचं होतं.

नंतर सुवर्णा आधी चंद्राबाईंकडे गेली आणि त्यांना धरून बाकावर बसवलं. दोघी बराच वेळ बोलत बसल्या. आता ती शनिवारी निपाणीत उतरली की दळणाचा डबा घेऊन गिरणीवर जाते आणि पीठ झाल्यावरही तासभर हलत नाही. घरी आल्यावर तिने आप्पांच्या हातचं पाणी घेतलं. नागोजींना तेवढं पुरलं.

मंडळीची अडचण मात्र तिथूनच सुरू झाली. नागोजींना ऐकायची सवय लागली. आता ते आमेनच्या आधी प्रार्थना पुरती ऐकत आणि पटली तरच पुढे सोडत. कुणी आपल्याच शेतावर पाऊस मागितला की ते गप्प उभे राहत. शेजाऱ्याचं शेत आत आलं की आमेन. कुणी 'दया कर' म्हणून कुणाचं नाव घेतलं की गप्प; नाव मागे घेतलं की आमेन. प्रार्थना आखूड होत गेल्या आणि खऱ्या होत गेल्या, आणि उपासनेच्या दृष्टीने हे दोन्ही अवघड असतं. लोक एकमेकांना हळू आवाजात सांगू लागले, "आप्पा ऐकालेत." आप्पांना विश्रांती मिळावी म्हणून एका रविवारी प्रार्थनाही झाली. तिला आमेन मिळालं नाही.

शेवटी नागोजींनीच पाळकसाहेबांना गाठलं. "साहेब, दोन्ही कामं एका टायमाला जमत न्हाईत," ते म्हणाले. "एकतर ऐकतो, न्हायतर आमेन म्हणतो." त्यांनी ऐकण्याचं काम पत्करलं. आशासदन मंडळीला आता एक श्रोता आहे, आणि लोक बोलताना त्याच्याकडे जरा चोरून बघतात.

त्यामुळे आमेनची जागा रिकामी झाली. माणूस निपाणीचाच हवा असं नाही, ख्रिस्तीच हवा असंही नाही. योग्य जागी मान डोलवता आली पाहिजे, आणि कोण काय मागतंय यात पडायची खोड नसावी. असा माणूस सापडणं कठीण जाईल असं पाळकसाहेबांना वाटत होतं. पण ही गोष्ट वाचताना सुवर्णा नको म्हणाली तेव्हा तुम्ही मान डोलावलीत, आणि चंद्राबाईंनी तिलाच घरात मागितलं तेव्हाही तितक्याच जिव्हाळ्याने डोलावलीत. मंडळीचं समाधान झालेलं आहे. वेगळं काही कळवायची गरज नाही, नेमणूक झाली. रविवारी सकाळी या.